धाब्यावर चढायचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

खान्देशात घराला शिडी लागते त्या वेळा ठरलेल्या आहेत. मार्चमध्ये खिडकीबाहेरच्या कूलरचं गवत बदलायला, मे महिन्यात पत्र्याचे हूक आवळायला किंवा जुन्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, खारी माती टाकायला, श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर झाडायला, दिवाळीआधी रंगाला. मध्ये टाकी धुणं, सौर पॅनलवरची धूळ काढणं, वाऱ्याने फिरलेली डिश सरळ करणं चालूच. एवढ्या सगळ्याला बहुतेक घरांत एकच साधन असतं, ते म्हणजे शेजारच्याची शिडी. ती किती फुटांची, कधीची, तिची कोणती दांडी हलते, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही.

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारकडे हार्डवेअरच्या दुकानांत, औद्योगिक वसाहतीजवळच्या सेफ्टीच्या दुकानांत आणि ऑनलाइन जे सामान मिळतं त्याची ही पारख. भाव मुद्दाम दिलेले नाहीत. ॲल्युमिनियमचा भाव सारखा वरखाली होतो. लांबी, वजन आणि पाइपची जाडी तशीच राहते, म्हणून खरेदीला जाताना तीच डोक्यात ठेवावी. आणि निकाल आधीच सांगतो: एकमजली घराला पुरेशा लांबीची शिडी आणि ती वरच्या टोकाला बांधायला वावभर दोरी, याने जेवढं भागतं तेवढं महागड्या सेफ्टी पट्ट्याने भागत नाही. त्याचं गणित पुढे येईल.

घडीची शिडी

खोलीतल्या कामाला ॲल्युमिनियमची घडीची शिडी घ्यावी. दुकानदार पायऱ्या मोजून विकतो. घेणाऱ्याने मात्र उभं राहायच्या सर्वांत वरच्या जागेची, म्हणजे फलाटाची, जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. घरगुती शिड्यांत दोन पायऱ्यांमधलं अंतर नऊ-दहा इंच असतं, त्यामुळे पाच पायऱ्यांच्या शिडीचा फलाट चार फुटांच्या आसपास येतो. साडेपाच फुटी माणूस त्यावर उभा राहिला की दहा फुटी स्लॅब डोक्यापासून अर्ध्या फुटावर येतो. कोपर वाकलेलं ठेवून पंखा उतरवता येतो, ब्रश चालतो. ‘थोडी उंच असलेली बरी’ म्हणून सहा पायऱ्यांची घेतली तर फलाटावर डोकं स्लॅबला लागतं आणि माणूस मान वाकडी करून, तोल एका बाजूला टाकून काम करतो. चार पायऱ्यांची घेतली तर चवड्यांवर उभं राहावं लागतं. दहा फुटी खोलीला पाचच बरोबर.

दुकानात शिडी पूर्ण उघडून पहिल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभं राहा आणि कमरेतून डावी-उजवीकडे वळा. थोडं लवचिकपण चालतं. पण पायरी पाइपवर फिरल्यासारखी वाटली, ‘कट’ असा आवाज आला, तर ती तिथेच ठेवा. पायरी प्रत्येक बाजूला निदान दोन रिव्हेटांनी धरलेली हवी. एकच रिव्हेट असेल तर काही महिन्यांत त्याचं भोक लंबगोल होतं, पायरी डुलायला लागते, आणि डुलणारी पायरी एक दिवस सुटते. सर्वांत खालच्या पायरीखाली तिरप्या पट्ट्या आहेत का तेही पाहा, कारण उतरताना सगळा झटका त्या पायरीवर येतो. पायरीची रुंदी तीन इंचांहून कमी नको, नाहीतर अर्ध्या तासात तळपाय दुखतो आणि माणूस सारखी जागा बदलतो.

रबरी बूट बोटांनी ओढून पाहा. नुसते दाबून बसवलेले बूट फरशीवर दोनदा घासले की निघतात, आणि मग गुळगुळीत टाइल्सवर उघडा ॲल्युमिनियमचा पाइप उरतो. बूट स्क्रूने किंवा रिव्हेटने धरलेले हवेत. दोन्ही बाजू ताणून धरणारे आडवे हात धातूचे असावेत. नुसत्या कापडी पट्टीवर भरवसा ठेवणारी शिडी स्वस्त असते, तशीच वागते. फलाटाचा प्लॅस्टिकचा खटका हा आणखी एक कच्चा दुवा. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शिडी दोन उन्हाळे धाब्यावर राहिली की प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि नखाने तुकडा निघतो.

वजन विचारा, शक्य असेल तर काट्यावर ठेवायला लावा. पाच पायऱ्यांची चांगली शिडी आमच्या मते पाच किलोंच्या खाली नसावी. चार किलोंची भरली तर धातू कुठेतरी वाचवलेला आहे, बहुधा उभ्या पाइपमध्ये. त्या पाइपची भिंत सव्वा मिलिमीटर तरी हवी. वरचं बूच काढलं की कापलेली कड दिसते, तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावता येतो. दुकानदार बूच काढू देत नसेल तर दुसरं दुकान.

‘ईएन १३१’ असा स्टिकर हल्ली बहुतेक शिड्यांवर दिसतो. ते हलवून न्यायच्या शिड्यांचं युरोपीय मानक आहे आणि त्यात कमाल भार १५० किलो धरला आहे. माणूस, हत्यारं आणि हातातला डबा सगळं त्यात आलं. दहा लिटर रंगाचा भरलेला डबाच तेरा-चौदा किलोंचा असतो. पण स्टिकर कुठेही छापून मिळतो. त्याच्यासोबत बनवणाऱ्याचं नाव, बनवल्याचा महिना-वर्ष आणि कमाल भार असलेली पट्टी शिडीवर पक्की लावलेली असेल तरच त्याला किंमत.

धाब्यावर जायला किती लांब?

सर्वांत जास्त चूक इथे होते. नेहमीचं एकमजली घर घ्या. जोतं दीड फूट, आतली उंची दहा फूट, वर पाच इंची स्लॅब. धाबं जमिनीपासून बारा फुटांवर. त्यावर तीन फुटांचा कठडा, म्हणजे शिडी टेकणार पंधरा फुटांवर. कोन बरोबर ठेवायचा तर उंचीच्या पाव भागाइतकं अंतर पायथ्याशी सोडावं लागतं, इथे पावणेचार फूट. शिडी तिरपी असल्यामुळे टेकण्याच्या जागेपर्यंतच साडेपंधरा फूट लांबी खर्ची पडते. त्याच्या वर तीन फूट शिडी निघालेली हवी, नाहीतर कठडा ओलांडताना हातात धरायला काही राहत नाही. एकूण साडेअठरा फूट. बाजारात लोक ‘सोळा फुटी द्या, धाब्याला पुरते’ म्हणून घेऊन जातात. ती कठड्याच्या वर जेमतेम अर्धा फूट निघते. चढताना माणूस कठडा पकडतो आणि निभावतो. उतरताना पाठमोरं होऊन, पाय हवेत सोडून दांडी चाचपडावी लागते, आणि सगळा धोका त्याच घडीला असतो.

दोन भागांची सरकती शिडी घेताना एक प्रश्न विचारायलाच हवा: वीस फुटी म्हणजे दोन भागांची बेरीज, की उघडून मिळणारी लांबी? दहा-दहा फुटांचे दोन भाग असतील तर मधे तीन फूट एकमेकांवर राहायलाच हवेत, हातात येतात सतराच. वरच्या उदाहरणातल्या घराला अकरा-अकराची जोडी लागते. दोन्ही भाग जिथे अडकतात तिथले आकडे ओतीव किंवा जाड पट्टीचे असावेत. पातळ पत्रा वाकवून केलेले आकडे भार आला की उघडतात.

जुन्या पेठांत वेगळीच अडचण आहे. गल्ली सहा फुटांची, त्यात गटार, आणि पावणेचार फूट पाय सोडायचे. मग शिडी उभीच टेकवली जाते, आणि वरच्या दोन-तीन दांड्यांवर पोचलं की ती माणसासकट मागे येते. अशा गल्लीत लांब शिडी घेऊन उपयोगच नाही. भिंतीवर पक्की लोखंडी शिडी बसवून घ्यावी.

टेलिस्कोपिक शिडी दिसायला फार आकर्षक. घडी केली की स्कूटरच्या पायदानावर मावते. पण सर्रास मिळणारी ३.८ मीटरची शिडी म्हणजे साडेबारा फूट. ती पंधरा फुटांवरच्या कठड्याला टेकतसुद्धा नाही. शिवाय तिचं सगळं कसब एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत आणि प्रत्येक दांडीच्या दोन खिट्ट्यांत आहे. वैशाख-ज्येष्ठातली आपली बारीक धूळ त्या नळ्यांत बसली की खिट्टी अर्धवट अडकते, वरून बसल्यासारखी दिसते. तेल घातलं तर धूळ आणखी चिकटते; कोरड्या फडक्याने पुसणं एवढाच उपाय. बंद करताना बोटं दोन दांड्यांच्या मधे सापडतात ते वेगळंच. गाळ्याच्या शटरचं काम किंवा घराच्या आतली कामं, याला ठीक. धाब्यासाठी नको.

बिजागऱ्यांची चार भागांची शिडी जास्त उपयोगी. चार गुणिले चार दांड्यांची शिडी सरळ केली की साधारण साडेपंधरा फूट होते, घडी उघडून घोड्यासारखी उभी राहते, उलट्या ‘यू’च्या आकारात फळी टाकून फलाटही होतो. पण कठड्याच्या गणितात तीही कमीच पडते, हे विसरू नये. तिच्या तीन सांध्यांना मिळून सहा बिजागऱ्या असतात, आणि सहाही खटके बसल्याचा आवाज कानाने ऐकावा लागतो. एक खटका राहिला तर शिडी मधेच गुडघा मोडल्यासारखी बसते. घेताना सहाही खटके वीसेक वेळा उघड-बंद करून पाहा. एखादा हाताने ठोकावा लागत असेल तर त्याची खाच चुकलेली आहे. तळाशी आडवी रुंद पट्टी सोबत मिळते, ती बऱ्याच घरांत खोक्यातच राहते. दहा फुटांच्या वर सरळ टेकवून वापरायच्या शिडीला ती पट्टी हवीच. शिडी बाजूला कलंडण्यापासून तीच धरते.

बांबूची शिडी, काही गावांत जिला निसणी म्हणतात, ती नावं ठेवण्यासारखी नाही. भरीव मानवेल बांबूची, काथ्याने घट्ट आवळलेली शिडी माणसाचं वजन सहज पेलते. बिघडते ती दोन कारणांनी. एक, भुंगा: शिडी आपटली की पिवळसर भुकटी खाली पडते, म्हणजे आतून पोखरली आहे. दुसरं, आडव्या दांड्यांसाठी उभ्या बांबूला पाडलेली भोकं पेराच्या मधोमध असली तर तिथून उभी चीर जाते. भोक पेराच्या गाठीजवळ हवं. तारेने बांधलेली घेऊ नका, तार गंजून आतल्या आत तुटते. आणि रंगवलेली तर मुळीच नको, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. मुरवायचीच असेल तर जवसाचं तेल. एका पावसात उघड्यावर राहिली की तिचं आयुष्य संपलं असं समजून पुढच्या वर्षी नवी आणावी.

रोज धाब्यावर जाणं असेल, टाकीचा व्हॉल्व्ह, वाळवणं, उन्हाळ्यात झोपायला, तर वेल्डिंगवाल्याकडून भिंतीला पक्की शिडी करून घेणं हेच खरं. सगळ्या सामानात आमची सर्वांत जास्त पसंती हिला. पण त्याला मापं लिहून द्यावीत, नाहीतर तो उरलेल्या पाइपात बसवतो. रुंदी सोळा इंच. दोन दांड्यांमधलं अंतर दहा ते बारा इंच, वरपासून खालपर्यंत अगदी एकसारखं. एक दांडी जरी दोन इंच चुकली तरी अंधारात पाय तिथेच चुकतो. भिंतीपासून दांडी सात इंच पुढे, म्हणजे पाऊल अर्धं आत जातं, नुसती बोटं टेकत नाहीत. उभे पाइप कठड्याच्या वर तीन फूट न्यावेत आणि त्या जागी कठड्याला दोन फुटांची फट ठेवून आत उघडणारं छोटं फाटक लावावं, म्हणजे कठडा ओलांडायचा प्रश्नच मिटतो. भिंतीतले अँकर विटेत ठोकू नका. कॉलम किंवा बीममध्ये घ्या. वेल्डिंगच्या जागा आधी रेड ऑक्साइड, मग रंग. दर पावसाळ्यानंतर प्रत्येक जोडावर छोट्या हातोडीने टकटक करून पाहावं. गंजलेला जोड बद्द वाजतो.

टेकवायची जागा

तापीकाठच्या काळ्या मातीत शिडीचा पाय भर पावसाळ्यात चार बोटं खाली जातो, आणि तोही एकच, म्हणून शिडी वळते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात. वरून टणक दिसते, पाय भेगेच्या कडेला असला की कड ढासळते. दोन्ही पायांखाली एकच नऊ इंच रुंद, दोन इंच जाड फळी टाकावी. विटा रचून पातळी साधू नये.

कोन मोजायला टेप लागत नाही. पावलं शिडीच्या पायथ्याला टेकवून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे करायचे. तळवे दांडीला लागले की कोन बरोबर.

मातीच्या धाब्यावर शिडी कडेच्या मातीला टेकवू नये, बाहेर आलेल्या कडीच्या किंवा तुळईच्या तोंडाला टेकवावी. चढून गेल्यावर पहिली नजर उजेडासाठी ठेवलेल्या भोकाकडे हवी. त्यावर बहुधा उलटं घमेलं किंवा पत्र्याचा तुकडा झाकलेला असतो, खारी पसरताना तोही मातीखाली जातो, आणि पाय पडला की माणूस घमेल्यासकट चुलीजवळ. खारीची घमेली डोक्यावर घेऊन शिडी चढायची पद्धत तर बंदच करावी. एक हात घमेल्याला गेला की शिडीला दोन पाय आणि एकच हात उरतो, आणि पाय उचलताना तेवढंही नाही. कप्पी आणि बादली लावली की हे काम लवकरच होतं.

पहिल्यांदा चढताना खाली एक माणूस शिडी धरून. वर पोचलं की शिडीचा उभा पाइप कठड्यातल्या पक्क्या वस्तूला दोन्ही बाजूंनी बांधायचा, मग दिवसभर धरायला कोणी नसला तरी चालतं. काम करताना पोट दोन्ही उभ्या पाइपांच्या मधेच राहिलं पाहिजे. हात पुरत नसेल तर उतरा, शिडी सरकवा. हे कंटाळवाणं आहे खरं, पण बाजूला झुकल्यावर शिडी सटकते ती याच कंटाळ्यामुळे.

विजेच्या तारा

घरासमोरून महावितरणची तार गेली असेल तर ॲल्युमिनियमची लांब शिडी त्या घराला घेऊच नये, फायबरग्लासची घ्यावी. ती जड आणि महाग असते, उन्हात वर्षानुवर्षं राहिली की तिचे तंतू वर येऊन हाताला टोचतात, तरीही. आणि फायबरग्लासची असली म्हणून तारेला टेकवायची नाही. अठरा फुटी शिडी उभी करताना तिचं टोक मोठा अर्धगोल काढत वर जातं; घात बहुधा त्या उभ्या करण्यातच होतो. तारेपासून चहूबाजूंनी दहा फूट मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तर १९१२ वर फोन करून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय शिडी उभी करू नये. ओला बांबूही वीज वाहतो, ‘लाकूड आहे, काही होत नाही’ ही समजूत कोरड्या लाकडापुरतीच.

कूलरचं काम करताना बटण बंद केलं एवढ्यावर थांबू नका, प्लग ओढून काढा. पाणी गळणारी टाकी, लोखंडी स्टँड आणि खाली ॲल्युमिनियमची शिडी. अर्थिंग नसलेल्या घरात हे तिन्ही एकत्र आले की झटका बारीक असला तरी हात सुटतो, आणि पडणं त्या हात सुटण्यामुळे होतं.

पत्रे

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचाच नाही. बोल्टच्या ओळीवरून चाललं तर फुटत नाही असं गावोगाव सांगतात. खाली कैची-पट्टी असते म्हणून बऱ्याचदा निभावतं, पण पाऊल चार इंच घसरलं की निभावत नाही. जुना पत्रा वरून नव्यासारखाच दिसतो आणि बिस्किटासारखा मोडतो. उजेडासाठी मधे टाकलेला पारदर्शक पत्रा तर धूळ बसून आजूबाजूच्या पत्र्यांसारखाच दिसतो, तो माणसाला अजिबात धरत नाही. दोन फूट रुंद फळी घ्या, निदान दोन आडव्या पट्ट्यांवर टेकेल इतकी लांब, खाली सरकू नये म्हणून छपराच्या कण्याला बांधलेली. अशा दोन फळ्या असल्या की एकीवर उभं राहून दुसरी पुढे टाकता येते. लोखंडी पत्रा बदलायचा असेल तर सकाळी. दुपारनंतर वावटळ उठली की दहा फुटी पत्रा हातात शिडासारखा भरतो आणि धरणाऱ्याला ओढून नेतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या पाडणारा तोच वारा.

पट्टा, दोरी आणि त्याचं गणित

सेफ्टी बेल्ट मागितला की बऱ्याच दुकानांत नुसता कमरपट्टा हातात देतात. तो घेऊ नका. त्यात पडलं तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, किंवा माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटतो. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस, पाठीवर खांद्यांच्या मधे कडी असलेला, तोच घ्यावा. आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ (युरोपीय) असं त्याच्या शिवलेल्या चिठ्ठीवर असतं. आयएसआय शिक्का असेल तर त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूचा ते दुकानातच कळतं. दुसऱ्याच वस्तूचं नाव आलं तर काउंटरवरच परत करा.

अंगावर घालून पाहायचं. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. पाठीवरची कडी खाली कंबरेकडे ओघळत असेल तर माप मोठं आहे. शिवण पट्टीच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने असेल तर उत्तम, तुटलेला टाका लगेच दिसतो.

आता गणित. नेहमी मिळणारी दोरी दोन मीटरची, तिला झटका खाणारी पिशवी शिवलेली. पडल्यावर दोरी पूर्ण ताणते, म्हणजे दोन मीटर. मग पिशवीतली घडी फाटत जाते आणि झटका सहा किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण सहाशे किलोंच्या, आत ठेवते; त्यात पावणेदोन मीटरपर्यंत जातात. पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. एक मीटर राखीव. एकूण सव्वासहा मीटर, वीस फुटांहून जास्त, आणि हे हूक अडकवलेल्या जागेपासून खाली. आपलं धाबं बारा फुटांवर. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे घातलेला, आयएसआय शिक्क्याचा हार्नेसवाला माणूस पिशवी पूर्ण उघडायच्या आत अंगणात पोचलेला असतो. दुकानदार हे सांगत नाही, कारण हे सामान मुळात कारखान्याच्या उंचीसाठी केलेलं आहे. दीपनगरच्या वीज केंद्रात काम केलेल्या माणसाला ते नेमकं ठाऊक असतं; घरमालकाला नसतं.

एकमजली घरावर हार्नेस वापरायचा तो वेगळ्या रीतीने: पडल्यावर अडकण्यासाठी नव्हे, कडेपर्यंत पोचताच येऊ नये म्हणून. दोरीची लांबी अशी की कठडा नसलेल्या कडेच्या तीन-चार फूट आधीच ती ताणली जाईल. बांधायची जागा जवळच्या कडेपासून बारा फुटांवर असेल तर दोरी आठ फूट, बस. कोपऱ्यापर्यंत हात जाणार नाही, मग कोपऱ्यासाठी बांधायची दुसरी जागा धरायची. दोरी वाढवायची नाही.

बांधायचं कशाला, हा खरा प्रश्न. अर्ध्या विटेचा कठडा, टाकीचे पाय, पीव्हीसी पाइप, डिशचा दांडा, खिडकीची जाळी, यातलं काहीही नको. ज्यावर माणूस खरोखर लटकू शकतो अशा अँकरला बारा किलोन्यूटन, म्हणजे बाराशे किलोंच्या आसपास ओढ सोसावी लागते. पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया सोडलेलं घर आपल्याकडे दर गल्लीत आहे. कड रोखायच्या दोरीपुरतं त्या चालतात, दोन अटींवर: गंजून पापुद्रे सुटलेले नसावेत, आणि पट्टा चारही सळयांना मिळून अगदी बुडाशी, काँक्रीटला लागून गुंडाळलेला असावा. सळईच्या धारेवर दोरी घासते, म्हणून मधे जाड गोणपाट. आणि त्याच सळयांच्या टोकांवर उलट्या बाटल्या किंवा टोप्या घाला; धाब्यावर अडखळून पडणाऱ्याला उघड्या सळया सरळ छातीत येतात.

दोरी म्हणून निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी चालणार नाही. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, उन्हात वर्षभरात तिचे केस सुटतात आणि गाठीजवळ तुटते. पॉलिस्टरची, गाभा आणि आवरण असलेली घ्या. नायलॉनही चालते, मात्र ओली झाली की तिची ताकद थोडी घटते. एकदा ज्यावर कोणी पडलं तो हार्नेस आणि ती दोरी कितीही चांगली दिसली तरी कापून टाकायची, म्हणजे दुसरा कोणी वापरणार नाही.

दुमजली-तिमजली घराला मात्र झटका खाणारी पिशवी कामाला येते, आणि तिथे आणखी एक तयारी लागते: लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं. मांडीच्या पट्ट्यांत रक्त अडतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. वरचा जोडीदार, पुरेशी लांब शिडी आणि १०८, तिन्ही आधीच हाताशी नसतील तर ते काम रंगाऱ्याच्या टोळीला द्यावं.

हेल्मेट आयएस २९२५ चं, हनुवटीच्या पट्टीसह. पट्टी नसेल तर पडताना डोक्याच्या आधी हेल्मेट जमिनीवर. आतल्या बाजूला बाण असलेला गोल शिक्का असतो, तो बनवल्याचा महिना दाखवतो. मोटारसायकलचं हेल्मेट घालून वर बघता येत नाही, ते नको. पायात चप्पल नको, टाच असलेला बूट हवा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर शिडीला हात लावायचा तर कापडी हातमोजे. तापलेला पाइप हात आपोआप सोडायला लावतो.

भाड्याचा सांगाडा

बाहेरून घर रंगवायचं असेल तर शिडी घेऊच नका, सेंट्रिंगवाल्याकडून एच-फ्रेम भाड्याने आणा. दोन्ही बाजूंच्या तिरप्या काटछड्या मोजून घ्या. एक कमी असली तरी तो ‘चालतं’ म्हणतो, पण सांगाडा त्याच बाजूला लोटतो. उंची तळाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपर्यंतच, त्यापुढे भिंतीला बांधायचा. फळ्या पूर्ण रुंदीभर आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या. चाकांचा सांगाडा असेल तर माणूस वर असताना सरकवायचा नाही, दोन फूटसुद्धा नाही.

ठेवायचं कुठे

शिडी जिन्याखाली, दोन हुकांवर आडवी. उभी टेकवून ठेवली तर पोरं चढतात. अंगणात ठेवली तर रात्री चोराला धाब्याचा रस्ता, म्हणून साखळी आणि कुलूप. हार्नेस खिळ्याला सावलीत, बॅटरीच्या ॲसिडपासून आणि सिमेंटच्या गोणीपासून लांब, उंदीर पोचणार नाहीत असा. आणि चांगली पॉलिस्टरची दोरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवडाभर आधीच ट्रंकेत टाकून किल्ली खिशात ठेवावी. झोका बांधायला घरातल्या पोरींना तीच दोरी सर्वांत आधी सापडते. निंबाच्या फांदीवर दोन दिवस घासून आलेल्या दोरीचं आवरण एका जागी चपटं आणि गुळगुळीत झालेलं असतं. ती दोरी पुढे झोक्यालाच ठेवावी, धाब्यावर नेऊ नये.